काका गेटच्या आत, काकू बाहेर

मी ठाण्याला नौपाड्यात एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. झेंडा घेऊन पुढे चालणारा टूर मॅनेजर आमच्याकडे मिळत नाही, आम्ही तिकिटं, हॉटेलं, व्हिसाची कागदपत्रं करून देतो, कुठली मेट्रो कुठे पकडायची ते समजावतो आणि पुढे फिरायचं ज्याचं त्याने. मे महिन्यात तर डबा उघडायला फुरसत नसते. त्यातलाच हा एक दिवस.

दुपारी साडेतीनला काकूंचा व्हॉट्सअॅप कॉल आला, तिकडे लंडनला सकाळचे अकरा. समोर सिंगापूरला निघालेलं चौकोनी कुटुंब बसलेलं, कट करणार होते, पण काकू उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत म्हणून उचलला. "अगं, हे आत गेले आणि मी बाहेरच राहिलेय, ते गेट काही उघडत नाही आणि इथे तिकिटाची खिडकीच नाहीये गं."

काका-काकू चरईतले. दोघांनी अख्खी नोकरी ठाणे-व्हीटी लोकलने केलेली, त्यामुळे "ट्रेनचं तू आम्हाला काय शिकवतेस" हा काकांचा ठेका. लंडनची भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली आणि आपल्या ठाण्यात पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ लाच आली, म्हणजे आपण त्यांना सीनिअर, हे त्यांनी बुकिंगच्या वेळी मला ऐकवून ठेवलेलं. बरोबरच आहे म्हणा. तरी मी माझी टेप वाजवलीच होती, की तिकिटाऐवजी प्रत्येकाचं स्वतःचं बँकेचं कार्ड पाहिजे, एका कार्डावर दोघं जाता येत नाही, आत जाताना ते गेटवर टेकवायचं, म्हणजे टॅप, आणि बाहेर पडताना पण टॅप, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापतात, बसमध्ये मात्र फक्त चढताना, आणि बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. शिवाय दिवसभर एकच कार्ड वापरा, कारण दिवसाच्या भाड्याला वरची मर्यादा आहे आणि सकाळी कार्ड, संध्याकाळी फोन असं केलं की ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात.

पहिल्या दिवशी ते टुरिस्ट बसने फिरले. हा दुसरा दिवस, बेकर स्ट्रीटवरून ज्युबिली लाइनने वेस्टमिन्स्टरला जायचं होतं. काकांनी पिवळ्या गोल रीडरवर कार्ड लावलं, गेट उघडलं, गेले. मागून काकूंनी आपलं कार्ड लावलं तर लाल दिवा. आणि काका वळून बघायला तयार नाहीत, सरळ एस्कलेटरने खाली.

मी म्हटलं काकू, आधी बाजूला उभ्या राहा, मागे लाइन लागली असेल. मग विचारलं की हे कार्ड लंडनमध्ये आधी कुठे चाललं का. म्हणाल्या, "काल दुकानात चाललं की, पिन टाकला आणि झालं." इथेच ट्यूब पेटली. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणं हे सगळं बंद असतं, ज्याचं त्याने चालू करायचं. काकूंनी परदेशातला वापर चालू केला होता, टॅपचं बटण तसंच बंद. दुकानात पिन टाकता येतो, गेटवर पिन टाकायला जागाच नाही! असे फोन मला सीझनमध्ये येतच असतात आणि सगळ्यांना वाटतं कार्ड खराब झालं.

बँकेचं अॅप काकूंच्याच फोनवर होतं आणि भारतातलं सिम पण त्यांनी काढलेलं नव्हतं, हे नशीब. लोक विमानतळावर तिथलं सिम घेतात आणि आपलं काढून पाकिटात टाकतात, मग ओटीपी येणार कुठे? फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि एकेक पायरी सांगत गेले, कार्ड्समध्ये जा, मग वापराच्या सेटिंगमध्ये, तिथे इंटरनॅशनलच्या खाली बघा, टॅपचं बटण आहे, ते सरकवा, खाली मर्यादा शून्य आहे का ते पण बघा. होती शून्यच. ती वाढवली, ओटीपी आला, टाकला.

"अगं पण हे कुठे गेले असतील?"

काकांचा फोन लागत नव्हता, ते जमिनीखाली. आता हे आधी सांगायला हवं होतं, की माझा प्रत्येक पार्टीला एक नियम पाठ करून घ्यायचा हट्ट असतो: चुकामूक झाली तर पुढे गेलेल्याने पुढच्याच स्टेशनला उतरून प्लॅटफॉर्मवर थांबायचं, उलट यायचं नाही. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की दोन गाड्या समोरासमोरून जातात आणि कोणीच सापडत नाही. काकांनी तो नियम ऐकताना चेहरा वाकडा केला होता, पण ऐकला होता. म्हणून काकूंना म्हटलं, परत गेटवर जा, उघडलं तर ज्युबिलीने बाँड स्ट्रीटला जा, पहिलंच स्टेशन. नाहीच उघडलं तर गेटपाशी युनिफॉर्ममधला स्टाफ असतो, त्याला सांगा. ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, बहुतेक तिकीट खिडक्या २०१५ मध्ये बंद झाल्या, ती माणसं बाहेर हॉलमध्येच उभी असतात, आपण मात्र खिडकी शोधत बसतो.

"हिरवा लागला गं!" असं ओरडल्या आणि कॉल कट झाला.

मग मी आणि ते सिंगापूरचं कुटुंब एकमेकांकडे बघत बसलो. वहिनींनी तर कपाळाला हात लावला होता. दादा काही न बोलता फोन काढून स्वतःचं अॅप उघडून बसले. त्यांच्यासाठी हा विषय तेवढाच लागू, कारण सिंगापूरला पण बाहेरच्या देशातलं टॅपवालं व्हिसा-मास्टरकार्ड थेट गेटला चालतं, फक्त तिथे बसमधून उतरतानाही टॅप करायचं, नाही केलं तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं. आणि वहिनी, तुमचे ते थेपले हॉटेलवर खा हो, एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, खाल्लं-प्यायलं तर ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे, पाण्याचा घोट सुद्धा नको. धाकट्याने विचारलं चॉकलेट? म्हटलं चॉकलेट पण नाही. त्याला पटलेलं दिसलं नाही.

वीसेक मिनिटांनी फोटो आला. बाँड स्ट्रीटच्या प्लॅटफॉर्मवर दोघं, काकू हसतायत, काका नाही.

संध्याकाळी काकांचा कॉल. मी विचारलं, अहो काका, बायको मागे आहे की नाही बघितलं नाहीत? तर म्हणाले, "मला वाटलं ती लेडीजमध्ये चढली." म्हणजे माणूस प्लॅटफॉर्मवर उभा, बायको दिसत नाही, आणि त्याला काहीसुद्धा वावगं वाटलं नाही, कारण आयुष्यभर ठाण्याला हे जनरलमध्ये आणि त्या लेडीजमध्ये, भेट थेट व्हीटीला. लंडनच्या ट्यूबमध्ये लेडीज डबा नसतोच. एक स्टेशन येईपर्यंत ते डब्यात आरामात नकाशा बघत होते, मग शेजारी बायका बघितल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. उतरले मात्र बाँड स्ट्रीटलाच आणि जागचे हलले नाहीत, याचं श्रेय मी घेणार.

लोक मला विचारतात इंग्रजीचं कसं होईल, जर्मनचं कसं होईल. भाषेने अडलेला माणूस मी फारसा बघितलेला नाही, हातवारे करून सगळं होतं. लोकलची सवय मात्र अंगात इतकी मुरलेली असते की गेटवर अडकवते ती तीच. आणि कधी ती उपयोगाला पण येते. पुढे दोघं म्युनिकला लेकीकडे जाणार होते, म्हणून त्याच कॉलवर मी काकांना तिथलं सांगायला घेतलं. तिथे मेट्रोला गेटच नाही, सरळ आत जाता येतं आणि साध्या कपड्यातले टीसी कधीही येतात, विनातिकीट सापडलात तर ६० युरो. काका म्हणाले, "मग हे तर आपल्यासारखंच."

म्हटलं हो, पण एक घोळ आहे. कागदी तिकीट नुसतं खिशात असून चालत नाही, बऱ्याचदा प्लॅटफॉर्मवर जायच्या आधी निळ्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारायला लागतो, ट्राम आणि बसमध्ये ते मशीन आत असतं. काही तिकिटांवर वेळ आधीच छापून येते, ते लेकीला विचारा. शिक्का नसेल तर तिकीट घेतलेलं असूनही दंड, आणि परदेशी पाहुणे आहोत हे कारण तिथे कोणी ऐकत नाही.

पलीकडे एकदम खुशीचा आवाज. "अगं ही तर आपली लोकलच्या तिकिटांची सीव्हीएमची कूपनं! बुकलेट घ्यायचं आणि मशीनमध्ये टचाटच पंच करायचं! ती बंद केली बघ आपल्याकडे. हे मला येतं, यात तू पडू नकोस." मागून काकू काहीतरी म्हणाल्या, बहुधा माझ्या बाजूने. मग काका जरा थांबले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "पण ते मशीन बंद असलं तर? आपल्याकडे निम्मी बंदच असायची."

म्हटलं काका, तिथे शेजारी दुसरं असतं.