शुक्रवारचा रिपोर्ट

डिसेंबर आला की टार्गेटचे तक्ते फिरू लागतात. मला मात्र यंदाची एक सवय सगळ्यांत मोलाची वाटते. रात्री सुचलेलं काम मी आता रात्री पाठवत नाही. मेल लिहून ठेवते आणि सकाळची वेळ लावते. ‘उद्या बघितलंस तरी चालेल’ असं लिहिलं, तरी वरिष्ठांचा मेल दिसला की माणूस लॅपटॉप उघडतोच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. म्हणूनच थकलेल्या माणसाला नुसतं ध्यान करायला सांगणं मला पटत नाही. आधी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवा.

टीममधली एक जण बैठकीत गप्प गप्प राहू लागली होती. तिला बाजूला घेऊन विचारलं, “तुझ्याकडचं कोणतं काम काढून घेऊ?” बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “मॅडम, शुक्रवारचा रिपोर्ट.” तो कोण वाचतं, याची मी चौकशी केली. कुणीच वाचत नव्हतं! त्याच आठवड्यात बंद केला. जानेवारीत मासिक आढाव्याला हात घालणार आहे.