कैरोत अरबी शिकताना बाबांची वकिली गेली

नागपुरात दोन वर्षं रविवारी क्लास लावून अरबी शिकले, २८ अक्षरं, व्याकरण सगळं पाठ, मग सहा आठवडे कैरोत एका घरी राहून शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी टॅक्सीवाला खो खो हसला बाप्पा. कारण मी बोलत होते फुस्हा, म्हणजे बातम्यांतली, पुस्तकातली अरबी. समजा इतवारीत भाजीवाल्याला कोणी विचारलं, "महोदय, या वांग्यांचे मूल्य काय?" तसं झालं ते. रस्त्यावर चालते आम्मिया, म्हणजे बोलीभाषा. आपण शिकलो कहवा, म्हणजे कॉफी, तर तिथे क गिळून नुसतं अहवा म्हणतात, आणि जमीलचं होतं गमील.

घरच्या काकूंना इंग्रजी येत नव्हतं, तेच बरं झालं. दुकान, साबण, हिशोब हे शब्द त्यांनाही कळायचे कारण ते अरबीतही आहेत, आपल्याकडे बहुतेक फारसीतून आलेले. मी लगेच शेफारले न्, म्हटलं माझे बाबा वकील आहेत. त्यांनी विचारलं, कोणत्या कंपनीचे? तिकडे वकील म्हणजे एजंट, आपला कोर्टातला वकील तो मुहामी. बाबांना फोनवर सांगितलं तर ते अर्धा तास रुसले.

जेवणाचं काय सांगू, कोशरीत भात, मॅकरोनी, मसूर, चणे सगळं एकाच ताटलीत, वरून तळलेला कांदा. छान लागते, पण तर्री नाही नं.