लघुपटाची प्रगती: संवादाचा प्रसंग आधी कानाने जुळवला

आमच्या लघुपटातला सर्वांत लांब प्रसंग आता रफ कटपर्यंत, म्हणजे पहिल्या कच्च्या जुळणीपर्यंत, आला आहे. टेबलापाशी समोरासमोर बसलेले भाऊ-बहीण, एक लहान खोली आणि मध्ये पडलेलं एक पत्र. कुणी उठत नाही, काही घडत नाही. सगळा भार बोलण्यावर आणि त्याहून जास्त न बोलण्यावर. म्हणून या प्रसंगापुरतं ठरवलं होतं की शूटिंगचे निर्णय आवाजाची सोय बघून घ्यायचे आणि संकलनही आवाजापासून सुरू करायचं. ते किती उपयोगी पडतंय हे टाइमलाइनवर (संकलनाच्या पट्टीवर) स्पष्ट दिसतं आहे.

खोली लहान आणि भिंती उघड्या असल्यामुळे बूमवर (माईक धरायच्या लांब काठीवर) शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माईक, न लावता लहान डायफ्रामचा (आवाज टिपणाऱ्या पडद्याचा) हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा, माईक लावला. शॉटगनची लांब नळी बाजूचा आवाज कापते, पण बुटक्या छताखाली भिंतींवरून परतणारे आवाज तिला नीट आवरता येत नाहीत आणि संवाद पोकळ वाटू लागतो. माईक फ्रेमच्या वरच्या कडेला जेमतेम बाहेर ठेवून रोख छातीच्या वरच्या भागाकडे दिला. अंतर दुप्पट केलं की तोंडातून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. नंतर गेन (आवाजाची पातळी) वाढवला तर घुमाराही बरोबरीने वर येतो. माझ्या मते घरगुती चित्रपटांचा आवाज 'घरगुती' वाटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, माईकची किंमत नव्हे. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर आणि टेबलाखाली जाड पांघरुणं टाकली, तेवढ्यानेही फरक पडला.

फ्रेमही माईक बघूनच ठरवल्या. दोघांचे क्लोजअप सारख्याच आकाराचे घेतले, म्हणजे बूम दोन्हीकडे सारख्याच अंतरावर राहतो आणि कट केल्यावर आवाजाचा पोत बदलत नाही. दोघंही दिसतील असा रुंद मास्टर शॉट फक्त सुरुवातीपुरता. त्यात कपड्यांखाली लपवलेले छोटे लेपल माईक वापरले.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), शटर १/५० सेकंद. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर दिव्यांची लुकलुक या शटरला दिसत नाही. ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० धरावा. खिडकीतला उजेड जास्त झाला तेव्हा शटरला हात न लावता ०.९ चा, म्हणजे ३ स्टॉपचा (उजेड एक-अष्टमांश करणारा), एनडी फिल्टर ही काळसर काच लावली. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळणी) ऑटोवर न ठेवता एका आकड्यावर पक्का केला. दुसरा कॅमेरा फोनचा होता. बरेच फोन फ्रेमदर बदलता ठेवून रेकॉर्ड करतात आणि मग लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. म्हणून त्या फाइल्स संकलनाआधीच स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घेतल्या.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून प्रत्येक टेकला क्लॅप. कलाकारांना एकच विनंती होती: क्लोजअपमध्ये एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवू नका. भांडणात माणसं एकमेकांना तोडतातच, पण ती तोड संकलनात हवी तिथे आणि हवी तेवढी आणता येते. टेकमध्येच दोन आवाज एकमेकांत मिसळले की ते वेगळे करणं फार अवघड. शिवाय वाक्य संपल्यावरही कॅमेरा चालूच ठेवला. ऐकणाऱ्याचे खरे भाव बहुतेकदा तिथेच मिळाले.

रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, प्रत्येक सेटअपचा (कॅमेरा-माईकच्या मांडणीचा) वेगळा घेतला, १ मिनिटाचा, सगळे आपापल्या जागी स्तब्ध आणि दिवे चालू असताना. माईक हलला की खोलीची शांतताही बदलते.

आता संकलन. पहिली जुळणी चित्र बंद करून केली. टेक निवडले ते फक्त कानाने, आणि नभोनाट्य ऐकावं तसा पूर्ण प्रसंग ऐकला. भाऊ विचारतो, "पत्र तू वाचलंस?" आणि बहीण म्हणते, "नाही." मूळ टेकमध्ये उत्तर जवळजवळ लगेच येतं आणि खरं वाटतं. मधली जागा रूम टोन भरून ३० फ्रेमपर्यंत वाढवली, तेव्हा तेच "नाही" खोटं वाटू लागलं. कथेला तेच हवं होतं. अभिनयाला बोट लागलं नाही, बदलला तो फक्त अवकाश.

चित्रं त्यानंतर बसवली. या प्रश्नावर कट नेहमीच्या जागी, म्हणजे वाक्य संपल्यावर, घेतला नाही. "पत्र" हा शब्द येताच चित्र बहिणीवर जातं आणि उरलेला प्रश्न तिच्या चेहऱ्यावर ऐकू येतो. हा एल-कट. पुढे ती चिडते तिथे उलट, जे-कट: तिचा आवाज आधी, चित्र ८ फ्रेम उशिरा. बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवायची सवय मोडली की प्रसंगात ताण आपोआप येतो. दोघांच्या नजरा जुळण्याची काळजी शूटिंगलाच घेतली होती. दोन्ही कॅमेरे १८० अंशांच्या रेषेच्या, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या, एकाच बाजूला होते, त्यामुळे इथे वेळ गेला नाही.

प्रत्येक पात्राचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, खाली सलग रूम टोनचा ट्रॅक आणि आवाजाच्या प्रत्येक जोडावर २ फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा वर येणं). नॉइज रिडक्शन (पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करणं) अजून मुद्दाम लावलेलं नाही. ते जास्त झालं की शब्दांच्या कडा पाणचट होतात.

पुढचं काम खुर्ची सरकण्याचे, कागद उलगडण्याचे आणि कपड्यांच्या हालचालींचे आवाज वेगळे रेकॉर्ड करण्याचं. मग मिश्रण, ईबीयू आर १२८ या युरोपियन प्रसारण मानकाप्रमाणे आवाजाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) धरून. रंगसंस्काराला हात त्यानंतरच.