तुम्ही विचारलंत म्हणून : काच काढण्याआधी

इतिहासाची, रसायनशास्त्राची किंवा ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आलेली मुले मला एकच प्रश्न विचारतात: जुने कागद आणि छायाचित्रे जतन करण्याच्या कामात यायचे आहे, तर सुरुवात कुठून करावी? त्याच्या मागोमाग, बहुधा घरून पढवून पाठवलेला, दुसरा प्रश्न येतो, की यात पोट भरते का. दुसऱ्याचे उत्तर चटकन देता येते: कायम जागा फार थोड्या, बाकी सारे प्रकल्पाच्या मुदतीपुरते, आणि प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. पहिला प्रश्न मात्र मी इतकी वर्षे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आणि लखनौची संवर्धन प्रयोगशाळा यांची नावे सांगून वाटेला लावत आले. ती नावे बरोबरच आहेत. मी स्वतः तिथून सुरुवात केलेली नाही, एवढे सांगत नव्हते.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका संशोधन ग्रंथालयात सूचीच्या कामाला लागले आणि तिथल्या बाइंडरकाकांच्या शेजारी बसून खळ शिजवायला शिकले. कसर लागू नये म्हणून ते मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकत. त्या मोरचुदातले तांबे पुढे कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आता मी कुरडयांसाठी काढतात तशा चिकातून चिकटा काढून टाकल्यावर उरणाऱ्या निव्वळ सत्त्वाची खळ वापरते, कारण ती उद्या दुसऱ्या कोणालाही ओलाव्याने सोडवता येते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातल्यासारख्या हातकागदावरचे मोडी रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले मोडी लिपीतल्या कागदांचे गठ्ठे, दोनशे वर्षांनंतरही बोटांना सुती कापडासारखे लागतात आणि १९४०च्या दशकातली लाकडाच्या लगद्याची वर्तमानपत्रे पापडासारखी मोडतात, हे मी पाहुण्यांना ऐटीत दाखवत असे. कागदाने मला कधी तोंडघशी पाडले नव्हते, म्हणून मी छायाचित्राला हात घातला.

परांड्याकडचे एक वृद्ध गृहस्थ, भर पावसाळ्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक तसबीर घेऊन आले होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या हद्दीबाहेर जे कॅम्प उभे राहिले होते, त्यांतल्या एका कॅम्पावरचे ते सामूहिक छायाचित्र होते. अकरा माणसे दोन रांगांत होती आणि त्यांच्या वडिलांची जागा मागच्या रांगेत डावीकडून तिसरी होती. मातीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या तसबिरीत ओल शिरली होती आणि छायाचित्राचा, चित्र ज्यात असते तो, जिलेटिनचा थर काचेला घट्ट चिकटला होता. मी वाचले होते की असे छायाचित्र काचेसकट पाण्यात ठेवले, तर जिलेटिन फुगते आणि कागद अलगद सुटतो. हे खोटे नाही. बुरशीने जिलेटिन आधीच खाल्लेले असेल, तर तेच जिलेटिन पाण्यात विरघळते, हेही कुठेतरी लिहिलेले असणारच. मी तिथपर्यंत वाचले नव्हते.

उजवा कोपरा सुटला तेव्हा मी बाइंडरकाकांना हाक मारली, इतका मला आनंद झाला होता. ते येईपर्यंत डाव्या बाजूने एक करडा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा वर आला. मी तो कुंचल्याने जागेवर सरकवायला गेले आणि तो फाटला. ट्रे तसाच राहू दिला असता, तर कदाचित काही वाचले असते. मी घाबरून काच उचलली. चार चेहरे गेले. त्यांच्या जागी कोऱ्या कागदाचा पांढरा डाग उरला.

तेव्हा तिथे छायाचित्रांतले जाणणारे कोणी नव्हते आणि ते काम मला नको असताना सोपवले गेले, असे मी पुढे अनेकांना सांगितले. त्यातला दुसरा भाग खरा नाही. ते काम मी मागून घेतले होते. काचेवरूनच एक फोटो काढून ठेवा, असे एका सहकाऱ्याने सुचवलेही होते. उजेड परावर्तित होतो, काच निघाल्यावर स्वच्छ काढू, हे उत्तर माझे होते. कॅमेऱ्यापुढे भिंगापुरते भोक पाडलेले काळे कापड धरले आणि उजेड दोन्ही बाजूंनी तिरपा दिला, तर काचेवरूनही फोटो नीट निघतो. हे शिकायला दहा मिनिटे लागतात.

ते गृहस्थ आले, खुर्चीवर बसून छायाचित्र बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मी वडिलांना तेवढं ओळखत होतो बाई. हे बाकीचे कोण, ते त्यांनाच ठाऊक.” त्यांनी तसबीर परत नेली नाही. घरी नेऊन काय दाखवू, असे म्हणून त्यांनी एसटीची वेळ विचारली.

त्यानंतरही काही वर्षे मी नव्या मुलांना सांगत असे की हे काम हातानेच येते, पहिल्या दिवसापासून हात घाला. आता सांगते की पहिले वर्ष कशालाही हात लावू नका. कोठीतल्या आर्द्रतेच्या नोंदी ठेवा, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या मापाने कापा, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तोच कागद कसा वेगळा वागतो ते पाहा. पण त्या पावसाळ्यात मी हात आवरला असता, तर मला हे काम आले असते का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आणि आले असते असे म्हणावे, तर ते चार चेहरे कशासाठी गेले?

मागच्या वर्षी आलेल्या मुलीने नेमके हेच विचारले, की मग हात बसवायचा कशावर. मी तिला भंगारवाल्याकडून वजनावर आणलेली एक तसबीर दिली: लग्नातला गट, काचेला चिकटलेला, कोणाचाच नाही म्हणून चुकले तरी चालेल असा. तिने काळे कापड धरून काचेवरून फोटो काढला, नोंदवहीत माप लिहिले आणि नावाच्या रकान्यापाशी थांबून मला विचारले, “मॅडम, ही माणसं कुठली?” भंगारवाल्याला मी ते विचारलेच नव्हते. त्या तसबिरीला अजून पाणी लावलेले नाही.