शंकरपाळीचा कोपरा

साताऱ्याच्या घरात फरशी बदलली, तेव्हा मी मिस्त्रींशी उगाच वाद घातला होता. हॉलमधली फरशी भिंतीला तिरकी बसवायची हा हट्टही माझाच. अर्धं काम झाल्यावर दारात उभी राहून बघते तर काय, चौकोनी म्हणून आणलेल्या फरश्यांच्या शंकरपाळ्या झालेल्या! "मिस्त्री, ह्या गुण्यात नाहीत. कोपरे बघा की, एक टोकदार, एक पसरट."

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली, पिशवीतनं गुण्या काढला आणि एकेका कोपऱ्याला लावला. चारही कोपरे तंतोतंत. मग म्हणाले, "वैनी, फरशी चौकोनीच हाय. तुमीच जरा तिरकं उभं ऱ्हावा."

राहिले. खिडकीजवळच्या कोपऱ्याला पाठ लावली, आणि त्याच फरश्या मुकाट्याने चौकोनी झाल्या.

आता, दारातून बघताना लांबची फरशी नजरेत चपटी होते, त्यामुळे तिचे कोपरे डोळ्यात खरोखरच टोकदार-पसरट उमटतात, हे मला मान्य आहे. पण सरळ बसवलेली फरशीसुद्धा तशीच चपटी होते की! तिच्याबद्दल कुणी मिस्त्रीला गुण्या काढायला लावत नाही. तिथे डोळा स्वतःच सांभाळून घेतो.

शिवाय लांब-जवळ हा प्रकार नसला तरी हे घडतंच. कागदावर एक चौरस काढा आणि कागद फिरवून तो टोकावर उभा करा. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने (ध्वनीच्या वेगाशी तुलना करताना ज्याच्या नावाने आकडे सांगतात, तोच हा) 1886 सालच्या पुस्तकात हेच दाखवलं होतं. आकृती तीच, पण एक चौरस वाटते आणि दुसरी पत्त्यांमधली चौकट. आपण कोपरे सुटे सुटे मोजत नाही, आधी अख्खा आकार बघतो. सरळ चौरसात डावी-उजवी बाजू समोरासमोर उभी असते, म्हणून काटकोन लगेच जाणवतो. टोकावर उभा केला की मधली कल्पित रेघ कोपऱ्यांतूनच जाते. मग लक्षात राहतात ती टोकं, काटकोन हरवतो. गंमत म्हणजे अशा चौकटी तिरक्या रांगेत एकापुढे एक मांडल्या, की त्या पुन्हा चौरस वाटायला लागतात. शेजारी कोण बसलंय यावर कोपऱ्याची ओळख ठरते!

खऱ्या शंकरपाळीची तऱ्हा तर याच्या उलट. दिवाळीत आई लाटते आणि कातण माझ्या हातात असतं. आधी सरळ पट्ट्या, मग तिरके काप. मागच्या वर्षी भाच्याने परातीतल्या तीन शंकरपाळ्या पसरट कोपरे एकमेकांना भिडवून मांडल्या आणि ओरडला, "मावशी, खोका!" खरंच खोका होता, वरचं झाकण आणि दोन बाजू. मध्ये तीन कोपरे मिळून 360 अंश, म्हणजे प्रत्येकी 120. (माझं कातण इतकं नेमकं चालत नाही, पण साधारण तेवढेच.) आणि नजर मात्र ठासून सांगते, हे तिन्ही काटकोन. खोक्याचे कोपरे काटकोनी असतात ना! मी त्यातली एक उचलून तोंडात टाकली. खोका गेला, परातीत नुसत्या दोन शंकरपाळ्या उरल्या. भाचा अर्थातच रडला.

त्याच्या चित्रकलेच्या वहीतली टेबलंही अशीच. कोपरे समोरून दिसतात तसे तो काढत नाही, टेबलाला असायला हवेत तसे काढतो. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने 1931 साली तिरक्या ठेवलेल्या गोल तबकड्यांवर हेच तपासलं, तर लोकांना त्या डोळ्यात उमटतात त्यापेक्षा जास्त गोल दिसत होत्या. जेवणाच्या ताटाकडे बघा. ते आपल्याला कधी लंबगोल वाटतं का?

घरी आलेले पाहुणे अजून विचारतात, "शंकरपाळी फरशी कुठून मिळवलीत?" मी आधी चहा देते. मग त्यांना कप घेऊन खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभं राहायला सांगते.