तुम्ही विचारलंत म्हणून: मीरशॉम अजून पांढराच का?

प्रश्न साधारण असा येतो: "तुर्कस्तानातला मीरशॉमचा पाइप घेतला, काही महिने ओढतोय, पण रंग काही येत नाही. फोटोत असतो तसा मधाळ, तपकिरी कधी होणार? लवकर व्हावा म्हणून काय करू?" पाठोपाठ दुसरा: "आणि सांभाळू कसा?" दोन्हींची उत्तरं दगडातच आहेत, तेव्हा आधी दगडाबद्दल बोलू.

मीरशॉम म्हणजे सेपिओलाइट, मॅग्नेशियमचं पाणी धरून असलेलं सिलिकेट. मोहस् मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा 2 ते 2.5, म्हणजे नखानेसुद्धा ओरखडा उठू शकतो. आत सूक्ष्म पोकळ्या इतक्या, की सुका तुकडा पाण्यावर तरंगतो. पाइपसाठी उत्तम मानला जाणारा दगड पश्चिम तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या आसपासच्या गावांत जमिनीखाली गोट्यांच्या रूपात सापडतो. तिथे त्याला ल्युलेताशी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे कच्चे गोटे व्हिएन्नाला जायचे आणि कोरीवकाम तिकडे व्हायचं. 1970च्या दशकात तुर्कस्तानने कच्च्या दगडाची निर्यात बंद केली. तेव्हापासून हे काम प्रामुख्याने एस्किशेहिरमध्येच चालतं. कारागीर दगड आधी पाण्यात भिजवतो. भिजलेला दगड साबणाच्या वडीसारखा कापला जातो. कोरून झाला की वाळवायचा, घासून गुळगुळीत करायचा, मधमाशांच्या वितळलेल्या मेणात बुडवायचा आणि शेवटी चकाकी द्यायची.

यातल्या दोन गोष्टी पक्क्या धरा. हा दगड ओलावा पितो, आणि ओला झाला की मऊ पडतो. रंग येतो तो पहिलीमुळे. पाइप मोडतो तो बहुतेक वेळा दुसरीमुळे.

तंबाखू जळताना निघणारी वाफ आणि डांबर थंड भागात पोचलं की द्रवरूप होतं. दगड ते शोषून घेतो, पृष्ठभागाजवळचं मेण ते धरून ठेवतं, आणि आपल्याला बाहेरून दिसतो तो हाच साठा. म्हणून रंगाची सुरुवात दांड्यापासून (वाटीतून निघणाऱ्या दगडी नळीपासून) आणि तंबाखू भरायच्या वाटीच्या तळापासून होते. तिथे उष्णता कमी आणि ओलावा जास्त असतो. वाटीची कड सगळ्यात शेवटी रंगते, कित्येकदा रंगतच नाही, कारण तिथल्या उष्णतेने मेण मागे सरकतं. तेव्हा वाटीकडे बघून निराश होऊ नका. दिवसाच्या उजेडात दांड्याची खालची बाजू कोऱ्या कागदाशेजारी धरून पाहा. किंचित सायीच्या रंगाची झाली असेल तर सगळं ठीक चाललंय.

तीही पांढरीफटक असेल, तर आधी पाइप कशाचा आहे ते तपासा. कोरताना उरलेला चुरा आणि भुकटी बंधक घालून दाबून जे पाइप करतात, त्यांना प्रेस्ड मीरशॉम म्हणतात. त्यात नैसर्गिक पोकळ्या बुजलेल्या असतात, त्यामुळे रंग फार कमी येतो किंवा ठिपक्याठिपक्यांनी येतो. अखंड दगड प्रखर उजेडात पाहिला तर कुठेतरी पुसट शीर, कुठे घनतेतला बारीक फरक दिसतो. प्रेस्डमध्ये सगळं एकसारखं. आफ्रिकी मीरशॉमची गोष्ट वेगळी. तो केनिया-टांझानिया सरहद्दीवरच्या अंबोसेली खोऱ्यातला, जास्त घट्ट, करड्या छटेचा. त्याचे पाइप बरेचदा आधीच रंगवून विकले जायचे. ओढायला ते चांगले असतात, पण त्यांच्याकडून एस्किशेहिरच्या दगडासारख्या रंगाची अपेक्षा ठेवू नये.

दगड अखंड असेल तर मग कारण ओढण्यात आहे. मला आलेल्या प्रश्नांत दोन चुका सगळ्यात जास्त दिसतात: पाइप गरम ओढणं, आणि वाटीत काजळीचा थर वाढू देणं.

गरम ओढणं सुरू होतं ते तंबाखूपासून. डब्यातून काढलेली तंबाखू बहुधा जास्त ओली असते. चिमटीत दाबून सोडल्यावर ती गोळा होऊन चिकटून राहिली तर कागदावर पसरून अर्धा-पाऊण तास ठेवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात याला दुप्पट वेळ लागतो. दाबून सोडल्यावर हळूहळू मोकळी झाली आणि बोटाला कुरकुरीत लागली नाही, की ती भरायला योग्य. भरायची तीन चिमट्यांत. पहिली नुसती आत सोडायची. दुसरी हलक्या बोटाने दाबायची. तिसरी जरा जोर देऊन. कडेच्या खाली तीन-चार मिलिमीटर जागा मोकळी ठेवा, कारण पेटल्यावर तंबाखू फुगून वर येते. न पेटवता एक झुरका ओढून पाहा. हवा किंचित अडखळत आली पाहिजे. अगदी मोकळी आली तर तंबाखू भराभर जळेल. कोंदली तर जोर लावून ओढावं लागेल, आणि दोन्हींत पाइप तापतो. कोंदलेला पाइप पेटवून सुधारत नाही, तो रिकामा करून पुन्हा भरा.

पेटवायला काडी उत्तम. गुलाचा वास जाऊ द्या, मग ज्योत तंबाखूवर गोल फिरवा, कडेला लागू देऊ नका. जेट लायटर मीरशॉमजवळ आणूच नये: त्याच्या ज्वाळेने कड काळी पडते आणि तो डाग दगड पितो. पहिल्यांदा पेटल्यावर वरचा थर उसळून वर येतो. तो टँपरने (तंबाखू दाबायच्या दट्ट्याने) हलकेच सपाट करा आणि दुसऱ्यांदा पेटवा. त्यानंतर झुरके सावकाश. पाइप विझला तर विझू द्या. पुन्हा पेटवण्यात काही कमीपणा नाही, पण तो जिवंत ठेवण्यासाठी भराभर ओढलं की वाटी तापते, मेण पातळ होऊन वाहून जातं आणि रंग धरायला काही उरत नाही. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं. घाईने ओढलेल्या पाइपच्या बाहेरच्या अंगाला ही उष्णता गाठायला वेळ लागत नाही. जिभेला चटका बसायला लागला, की वेग जास्त झाला असं समजा. वाऱ्यात, गाडीच्या खिडकीशी ओढू नका. वारा निखारा फुलवतो आणि एका अंगाने दगड गार करतो.

मध्येच गुरगुर ऐकू आली तर दांड्यात पाणी साचलंय. सरळ पाइप असेल तर स्टेम, म्हणजे तोंडात धरायची सुटी नळी, न काढता पाइप क्लीनर (धागे गुंडाळलेली लवचीक तार) आतपर्यंत सरकवा, ओलावा टिपून बाहेर काढा. वाकड्या पाइपमध्ये तो पुष्कळदा जात नाही; मग पाइप खाली ठेवून गार होऊ द्या. गरम असताना स्टेम काढायचं नाही. दांड्यात त्या वेळी दगड ओला असतो, म्हणजे मऊ असतो, आणि पीळ नेमका तिथेच बसतो. दांड्याच्या तोंडाला पडलेल्या बहुतेक चिरा अशाच पडलेल्या असतात.

ओढून झालं की किमान तासभर हात लावू नका. मग राख आणि तळाशी उरलेली ओलसर तंबाखू पाइप साफ करायच्या टूलच्या चमच्याने सावकाश काढा. पाइप उलटा करून टेबलावर, तळहातावर, बुटावर आपटायचा नाही, कधीच नाही. आता जोड. आजच्या बहुतेक तुर्की पाइपना प्लॅस्टिकचा दोन तुकड्यांचा जोड असतो: एक तुकडा दांड्यात आट्यांनी बसवलेला, दुसरा स्टेमवर, आणि दोन्ही एकमेकांत दाबून बसतात. दांडा एका हातात धरा, कोरीव वाटी नव्हे, आणि स्टेम आपल्याकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत काढा. बसवतानाही त्याच दिशेने. उलटं फिरवलं तर दांड्यातला तुकडा आट्यांतून सुटत येतो आणि दर वेळी थोडा दगड खरवडून आणतो. जुन्या पाइपना हाडाचा आट्यांचा स्क्रू असतो. तिथे अर्थात आटे सोडवूनच काढायचं. स्टेम बसल्यावर थोडं तिरकं राहत असेल तर जोर लावून सरळ करू नका. कागदाची पातळ चकती घाला.

दांड्यातून सुका क्लीनर दोनदा फिरवा. वाटी टिश्यू पेपरची सुरळी घालून आतून पुसा. हे पुसणं दर वेळी व्हायला हवं. ब्रायरचा पाइप ओढणाऱ्यांना इथे सवय मोडावी लागते. ब्रायर म्हणजे लाकूड, ते जळू नये म्हणून आत मिलिमीटरभर काजळीचा थर मुद्दाम जमवतात. मीरशॉम जळत नाही, त्याला या कवचाची गरज नाही. उलट तापल्यावर काजळी दगडापेक्षा जास्त फुगते, आतून रेटते आणि वाटी तडकते. शिवाय थर जाड झाला की डांबर दगडापर्यंत पोचतच नाही, म्हणजे रंगही अडला. थर जमलाच असेल तर रीमरची (काजळी खरवडायच्या हत्याराची) पाती आत घालू नका. 400 नंबरचा पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून हलक्या हाताने फिरवा आणि दगड दिसायच्या आधी थांबा.

पाण्याने पाइप धुवू नये, हे वेगळं सांगायला नको. स्पिरिटचंही तेच: ते साठलेला रंग विरघळवतं. दांडा फारच चिकट झाला असेल तर एका क्लीनरचं फक्त टोक स्पिरिटने ओलं करून फिरवा, लगेच सुका क्लीनर, आणि दोन दिवस विश्रांती. स्टेम अॅक्रिलिकचं असेल तर त्याला स्पिरिट लावू नका, बारीक तडे जातात. ते सुटं करून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा. पाइप वाळल्याशिवाय मखमलीच्या पेटीत बंद करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तर दोन-तीन दिवस उघडाच ठेवा. गोडसर वासाच्या तंबाखूचा अंश आत राहिला की पेटीत हमखास बुरशी धरते.

ओढताना पाइप स्टेमला धरा. मेण गरम असताना बोट लागलं तर ठसा उमटतो, हातावरची धूळ आत बसते, आणि तिथे रंग डागाडागाने येतो. काही जण पांढरे हातमोजे घालतात. स्टेम धरायची सवय असेल तर त्यांची गरज नाही. जाळीदार कोरीवकामात धूळ अडकते, ती मऊ ब्रशने पाइप गार असतानाच झटका.

आता "लवकर" या शब्दाबद्दल. चहा-कॉफीत बुडवणं, बाहेरून धूर सोडत राहणं यांनी पृष्ठभागावर डाग येतो, रंग येत नाही. पूर्वी युरोपात मूळ वाटीवर दुसरी छोटी वाटी बसवून ओढायचे, म्हणजे निखारा वर राहायचा आणि खालचा अख्खा दगड एकसारखा रंगायचा. हा उपाय चालतो, पण मी तो सुचवणार नाही, आणि रंगासाठी जास्त वेळा ओढण्याला तर माझा ठाम विरोध आहे. मीरशॉम धूर गाळून निर्धोक करतो असं विक्रेते सांगतात; ते खरं नाही. तो थोडा ओलावा आणि डांबर शोषतो, एवढंच. पाइपच्या धुराने तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि दगड कुठलाही असला तरी त्यात फरक पडत नाही. तंबाखूची सवय नसणाऱ्याने निव्वळ या दगडाच्या मोहाने ती लावून घेऊ नये. पाहायचं असेल तर एस्किशेहिरच्या ओदुनपाझारी भागात ल्युलेताशीचं संग्रहालय आहे, तिथली कारागिरी न ओढताही पुरेपूर अनुभवता येते.

कॅलबॅश पाइपबद्दलही विचारतात. त्यात मीरशॉमची फक्त वरची वाटी असते, खालचं वाकडं अंग भोपळ्याचं. मिरजेत तंबोऱ्यासाठी वापरतात तीच ही भोपळ्याची जात, फक्त दक्षिण आफ्रिकेत वाढतानाच वाकवून घेतलेली. वाटी गार झाल्यावर काढून भोपळ्याचं पोट पुसत जा, बाकी काळजी तीच.

बरीच वर्षं वापरलेला पाइप निस्तेज दिसायला लागला, की मेण पुन्हा द्यावं. शुद्ध मधमाशांचं मेण घ्या, मेणबत्तीचं पॅराफिन नको. 50 ग्रॅम पुष्कळ झालं. पातेल्यात पाणी उकळून त्यावर ठेवलेल्या भांड्यात मेण वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. स्टेम काढा, वाटीत कापूस ठासा, दांड्याचं भोक कापसानेच बंद करा. आत मेण गेलं तर पुढचे कितीतरी झुरके जळक्या चवीचे येतील. हेअर ड्रायरने पाइप सगळीकडून सारखा कोमट करा, ब्रशने मेण लावा आणि ड्रायर फिरवत राहा, म्हणजे ते मुरेल. जास्तीचं मेण सुती फडक्याने टिपा. एक दिवस तसाच ठेवून फ्लॅनेलने घासा. लगेच रंग एकदम गडद दिसेल, आणि काही दिवसांनी थोडा उतरल्यासारखा वाटेल. मेण आत पसरत असतं, त्यामुळे घाबरून दुसरा हात देऊ नका.

आणि पडून मोडलाच तर: दांडा स्वच्छ दोन तुकड्यांत तुटला असेल तर दोन्ही कडा पूर्ण सुकवून, मधल्या भोकात क्लीनर ठेवून एपॉक्सीने जोडता येतो, भोकात एपॉक्सी जाऊ देऊ नका आणि 24 तास थांबा. वाटीलाच आरपार चीर गेली असेल तर तो पाइप पुन्हा पेटवू नका. उष्णतेने ती चीर वाढतच जाते.