खिशातला निळा पंप
दादर स्थानकाचा पूल चढण्याआधी खिशातला निळा पंप चाचपून पाहायचा आणि धाप लागली की दोनदा ओढायचा, ही माझी कित्येक वर्षांची सवय होती. त्यातल्या साल्ब्युटामॉल या औषधाने काही मिनिटांत छाती मोकळी होते, म्हणून दमा आटोक्यात आहे असेच मी समजत होतो. प्रत्यक्षात ते औषध श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू चार ते सहा तास सैल करते, आतली सूज मात्र तशीच राहते. २०० मात्रांचा पंप मला दीड महिनाही पुरत नाही, हे औषधवाल्याने हटकले तेव्हा लक्षात आले. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागणे हे तीव्र झटक्याचा धोका वाढल्याचे लक्षण मानले जाते, आणि दम्याच्या उपचारांबाबत जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ने तर २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर विसंबू नये असेच सांगितले आहे. आता सकाळ-संध्याकाळ ती सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावून घेतो आणि नंतर चूळ भरतो. (स्टिरॉइड म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला होता, पण ही मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकी अल्प असते.) पावसाळ्यात घराच्या भिंतींना ओल येऊन बुरशी धरते, तेव्हा त्रास अजूनही होतो. निळा पंप खिशात असतोच, पण गेल्या जूनमध्ये घेतलेला अजून निम्माही संपलेला नाही.